दुसऱ्याच्या पोराचा डबा उघडून द्या : कब-बुलबुल शिबिराला पहिल्यांदा जाणाऱ्या पालकासाठी

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो : ‘पुढच्या रविवारी कब-बुलबुलचं एक दिवसाचं शिबिर. सोबत यायला चार पालक हवेत.’ गृहपाठाच्या प्रश्नावर दोन मिनिटांत पंधरा उत्तरं देणारा ग्रुप एकदम गप्प होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी आई भलत्याच कुणाच्या तरी बाबांचं नाव सुचवते. मी असाच सापडलो. लेक तेव्हा दुसरीत होती, नुकतीच बुलबुल झाली होती आणि मला स्काउटिंगमधलं म्हणाल तर गळ्यातला स्कार्फ तेवढा माहीत होता. आता चार शिबिरं झाली. पहिल्या शिबिराला जाण्याआधी कुणीतरी जे सांगायला हवं होतं, ते इथे ओळीने लिहितो आहे.

पहिलं काम : कोण काय आहे ते समजून घ्या

भारत स्काउट्स आणि गाईड्स ही देशपातळीवरची संघटना 1950 साली निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन झाली, पुढच्या वर्षी मुलींच्या गाईड्सही तिच्यात आल्या. साधारण दहा वर्षांपर्यंतचे मुलगे म्हणजे कब आणि मुली म्हणजे बुलबुल. त्यापुढे स्काउट आणि गाईड. ‘माझी मुलगी स्काउटला जाते’ असं मी वर्षभर ऑफिसात सांगत होतो आणि ते दोन्ही बाजूंनी चूक होतं.

लहान मुलांचे सहा-सहाचे गट करतात, त्यांना षटक म्हणतात. षटकाचा एक नायक असतो, तोही त्याच वयाचा. मुलग्यांचे कबमास्टर, मुलींच्या फ्लॉक लीडर. शाळेत बहुतेक वेळा त्या कुणाच्या तरी वर्गशिक्षिकाच असतात आणि रविवारची सुट्टी सोडून आलेल्या असतात. कबमास्टरना मुलं ‘अकेला’ म्हणतात. पहिल्या दिवशी एका काकांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, ‘हे अकेला सर आडनावाने कुठले?’ हसू नका, मलाही माहीत नव्हतं.

मुलं डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. तुमच्यापुढे डावा हात आला तर ‘बाळा, उजवा दे’ म्हणून शिकवायला जाऊ नका. तोच बरोबर असतो.

दुसरं : कागद

संमतीपत्र सगळेच भरून देतात. त्यातला ‘आजार/ॲलर्जी’ हा रकाना मात्र नव्वद टक्के आईबाप ‘नाही’ लिहून मोकळे होतात. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण अनुभवाचा आहे. दमा असेल, फिट येत असेल, शेंगदाणा चालत नसेल, बसमध्ये उलटी होत असेल, अजून कधीमधी गादी ओली होत असेल, सगळं लिहा. लाज वाटत असेल तर लीडर ताईंना बाजूला घेऊन सांगा. शेंगदाण्याचं विशेष सांगतो, कारण आपल्याकडे शिबिर म्हटलं की कुणीतरी पाव किलो चिक्की आणतंच.

सोबत जाणाऱ्या पालकाने आदल्या रात्री एक कागद स्वतःसाठी करायचा. तुमच्याकडे दिलेल्या सहा मुलांची नावं, प्रत्येकाच्या घरचे दोन फोन नंबर आणि औषधांची नोंद. हा कागद मोबाइलमध्ये नको, खिशात हवा. मोबाइलची बॅटरी जंगलात दुपारी तीनला संपते, कारण सकाळपासून आपण फोटो काढत असतो. त्याच कागदाच्या कोपऱ्यात 112 लिहून ठेवा, रुग्णवाहिकेसाठी 108. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे. हे तिन्ही आकडे घाईच्या वेळी हमखास एकमेकांत मिसळतात.

तिसरं : जागा

मुंबईतली एक दिवसाची शिबिरं कधी शाळेच्याच मैदानावर होतात, कधी दादरला शिवाजी पार्कच्या कडेच्या स्काउट हॉलमध्ये. निसर्ग बघायचा असेल तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, नाहीतर धारावीला मिठी नदीच्या काठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. हे दुसरं ठिकाण लहान मुलांसाठी मला जास्त आवडतं. कधीकाळी तिथे शहराचा कचरा टाकत, त्यावर माती घालून, झाडं लावून ते जंगल उभं केलंय. 37 एकर म्हणजे मूल हरवायला थोडं आणि पाय दुखायला पुरेसं. मुलांना ‘तुम्ही उभे आहात त्याच्याखाली कचरा होता’ असं सांगितलं की सगळी एकदम खाली वाकून बघतात.

बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद असतं. रविवारी शिबिर असेल तर प्रश्न नाही, पण शाळा कधीकधी स्थानिक सुट्टी बघून सोमवार ठरवते. एकदा आमच्या इथे बस ठरली, डबे ठरले आणि मग कुणाच्या तरी आजोबांनी विचारलं, ‘अहो, सोमवारी?’

आम्ही भांडुपला राहतो. आमच्या मागची टेकडी ही त्याच राष्ट्रीय उद्यानाची दुसरी बाजू आहे. तरी बोरिवलीच्या दाराशी पोचायला आम्ही दादरला जाऊन गाडी बदलतो आणि सबंध जंगलाला प्रदक्षिणा घालतो. खालून मुलुंड-गोरेगाव बोगद्याचं काम चाललंय. तो होईपर्यंत आमची लेक गाईड झालेली असेल.

चौथं : बॅग आणि डबा

बॅग मुलाची, मुलाने भरायची, मुलाने उचलायची. तुम्ही नुसतं विचारायचं, ‘टोपी? बाटली? रुमाल?’ एक जुनी चादर किंवा पंचा बसायला, कपड्यांचा एक जादा जोड, ओल्या कपड्यांसाठी पिशवी, डासांचं मलम. पांढरे कॅनव्हासचे नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, फोड येतो. गणवेश शाळा सांगेल तसा. स्कार्फ आणि तो अडकवायचा वॉगल मात्र आदल्या रात्रीच सापडला पाहिजे. वॉगल ही मुंबईतल्या घरांत सर्वात जास्त हरवणारी वस्तू आहे. सापडला नाही तर रबरबँड चालतो, रडारड चालत नाही.

तुमच्या स्वतःच्या बॅगेत : चिकटपट्टी, सेफ्टी पिना, कात्री, दोन जादा पाण्याच्या बाटल्या, साखर-मिठाच्या पुड्या, कागदी रुमालांचं पाकीट, कचऱ्याची मोठी पिशवी आणि शिट्टी. चिकटपट्टी कशाला ते पुढे येईल.

डब्याबद्दल माझी मतं पक्की आहेत. डिसेंबरातसुद्धा मुंबईत दुपारी ऊन भाजतं आणि डबे सकाळी सहाला भरलेले असतात. दहीभात, पनीर, अंड्याचं काही, मेयोनेज लावलेलं सँडविच, हे दुपारी एकपर्यंत टिकत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेथीचे ठेपले, गूळपोळी, कोरडी बटाट्याची भाजी. शिवाय डबा मुलाला स्वतःला उघडता आला पाहिजे. चार बाजूंनी क्लिपा असलेले ते डबे मोठ्यांनाही उघडत नाहीत. मी एका शिबिरात ओळीने सात डबे उघडून दिलेत, अंगठ्याच्या नखाला चीर पडली. बोरिवलीत केळं आणि चिप्सचं पाकीट हातात धरून फिरायचं नाही. माकडं पोरांपेक्षा चपळ असतात आणि कोणाला घाबरायचं हे त्यांना बरोबर कळतं.

पाचवं : लोकल

शाळेने बस केली असेल तर हा भाग सोडून द्या. पैसे थोडे जास्त मागितले तरी बसला हो म्हणा.

लोकलने जायचं असेल तर रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या कमी. मध्य आणि हार्बर मार्गांवर रविवारी मेगाब्लॉक असतो, बहुतेक वेळा अकराच्या सुमारास सुरू होऊन चारच्या सुमारास संपणारा. त्यामुळे जाताना सगळं सुरळीत होतं आणि परतताना, पोरं दमलेली असताना, धीम्या मार्गावरच्या खच्चून भरलेल्या गाडीत आपण सापडतो. आदल्या दिवशी बघून घ्या. परतीची वेळ साडेचारच्या पुढे ढकलता आली तर ढकला.

पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. चोवीस मुलांची तिकिटं खिडकीवर सकाळी सातला काढायला लागू नका, आधी काढा. परतीचीही.

आता चढण्याची पद्धत. मधल्या स्टेशनांवर गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. मुलांचे सहा-सहाचे गट करून वेगवेगळ्या दरवाज्यांसमोर उभे करा. प्रत्येक दाराशी एक मोठा माणूस आधी चढतो, एक मोठा शेवटी. मध्ये फक्त मुलं. मोठे दोघंही आधी चढले तर शेवटचं मूल फलाटावर राहतं. आणि कोणी राहिलंच तर काय, हे मुलांना घरून निघण्याआधी सांगा, गाडीत नाही : राहिलास तर जागचा हलू नकोस, आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरून परत येतो. आमच्या मुलांना हे पाठ आहे. एकदाही वेळ आलेली नाही, पण दर वेळी दादरच्या पुलावर माझ्या पोटात गोळा येतोच.

बाबांसाठी एक बारीक गोष्ट. आई सोबत असेल तर बारा वर्षांखालचा मुलगाही लेडीज डब्यातून जाऊ शकतो. बाबा आणि मुलगी मात्र जनरलमध्येच. ‘तू लेडीजमध्ये बस, मी पलीकडे आहे’ हा प्रयोग शिबिराच्या दिवशी करू नये.

सहावं : पोचल्यावर पहिला अर्धा तास

पोचल्या पोचल्या मोजायचं. मोठ्याने, नंबर म्हणवून घेऊन. डोक्यांवरून बोट फिरवत मोजलं की मी कायम तेवीस मोजतो. प्रत्येक षटकाने आपापले सहा मोजायचे आणि नायकाने ‘सहा हजर’ सांगायचं, हे सगळ्यात भरवशाचं. बसमधून उतरताना, जेवणाआधी, जेवणानंतर, निघताना. स्वच्छतागृहात जाऊन आल्यावरसुद्धा.

मग ध्वजारोहण. गडद निळ्या कापडावर पिवळं चिन्ह, मध्ये अशोकचक्र. हा संघटनेचा ध्वज आहे, तिरंगा नाही. गणवेशातली मुलं सलाम करतात. साध्या कपड्यातल्या आपण सावधान उभं राहायचं, सलाम ठोकायचा नाही आणि फोन खिशात ठेवायचा. माझी पहिली चूक इथेच झाली. ध्वज वर जात असताना मी लेकीचा फोटो काढायला वर्तुळाच्या आत शिरलो. लीडर ताई काही बोलल्या नाहीत. नंतर लेकच बोलली.

त्यानंतर तपासणी : नखं, रुमाल, स्कार्फची घडी. कुणाच्या नखात माती सापडली तर त्याच्या आईला तिथल्या तिथे मेसेज करू नका. ते मूल आणि त्याचे षटकनायक बघून घेतात.

सातवं : तुमच्या वाट्याला आलेला बेस

शिबिरात एकेका कोपऱ्यात एकेक काम मांडतात, त्याला बेस म्हणतात. गाठी, खुणांचा माग, प्रथमोपचार, पानं ओळखणं, विस्तवाशिवाय स्वयंपाक. षटकं वीस-वीस मिनिटांनी एका बेसवरून दुसऱ्यावर जातात. पालकाला एक बेस देतात आणि तिथे तो दिवसभर उभा राहतो, मुलं बदलत राहतात. म्हणजे एकच गोष्ट तुम्ही चार वेळा शिकवणार. पहिल्यांदा फसते, दुसऱ्यांदा बरी होते, तिसऱ्यांदा उत्तम आणि चौथ्यांदा तुमचा घसा बसलेला असतो. तेव्हा पाणी प्या.

मला गाठींचा बेस मिळाला होता. काय शिकवायचं म्हणाल तर पहिल्या दिवशी एकच गाठ पुरे, रीफ नॉट. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर जी गाठ होते ती ओढल्यावर सरकते, आणि ती मुलांना मुद्दाम करून दाखवावी, म्हणजे फरक कळतो. दोर प्रत्येकाला दीड मीटर. दोन रंगांचे दोन तुकडे बांधून एक दोर केला तर कुठलं टोक कुठे गेलं ते दिसतं. टोकं उसवतात, त्यांना चिकटपट्टी गुंडाळा. आमच्या इथल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘कपडे वाळत घालायची दोरी’ म्हटलं की जी मिळते ती फार गुळगुळीत असते, गाठ बसत नाही. सुती घ्या.

आता सगळ्यात कामाची युक्ती. मुलांच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून गाठ दाखवली की तुमचा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला येतो आणि सगळ्या षटकाची गाठ उलटी होते. मी पहिल्या षटकाला वीस मिनिटं असं शिकवलं आणि सहापैकी एकालाही जमलं नाही. मला वाटलं पोरंच ढ आहेत. मग एका कबने मला सांगितलं, ‘काका, तुम्ही आमच्यात येऊन बसा ना.’ त्यांच्यामध्ये, त्यांच्याच दिशेला तोंड करून बसलो, आणि पाच मिनिटांत चौघांना जमली.

खुणांचा बेस मिळाला तर तो सर्वात मजेचा. खडू नको, काड्या आणि दगड वापरा. बाण म्हणजे इकडे जा. फुली म्हणजे इकडे नको. गोलात टिंब म्हणजे ‘मी घरी गेलो’. ही शेवटची खूण स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या केनियातल्या थडग्यावर कोरलेली आहे, हे मुलांना सांगितलं तर ती क्षणभर गप्प बसतात. मुंबईत ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांनी पहिलं शिबिर 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर घेतलं, वीस मुलगे घेऊन. एवढा इतिहास पुरे. लहान मुलांना त्यापुढे भूक लागते.

शिट्टीचा अर्थ पालकांनीही शिकून घ्या. एक लांब शिट्टी म्हणजे शांत, लक्ष द्या. भराभर छोट्या शिट्ट्या म्हणजे इकडे जमा. मौजेखातर शिट्टी वाजवलीत तर चोवीस मुलं धावत येतील आणि तुमच्याकडे सांगायला काही नसेल.

विस्तवाशिवायच्या स्वयंपाकात भेळ करतात. कांदा चिरायचं काम मोठ्यांनी आधी करून ठेवावं असं मला वाटायचं. ताईंनी बोथट सुऱ्या दिल्या आणि मुलांकडून काकडी चिरून घेतली. एकालाही कापलं नाही. कापलं मला, घरून आणलेल्या धारदार सुरीने.

आठवं : सू, पडणं, खाजकुइली

एकट्या मुलाने कुठेही जायचं नाही, एकट्या मोठ्यानेही एका मुलाला घेऊन आडबाजूला जायचं नाही. दोन मुलं मिळून आणि दाराबाहेर मोठा माणूस. बाबा असाल तर मुलींसोबत बाई पाठवायची. तुम्ही तिथे नुसती हाक मारायला जायचं. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. हा नियम मुलांचं जसं रक्षण करतो तसं तुमचंही करतो, आणि तुमच्याच पोराला ‘कुणी मोठं माणूस एकटं बोलावत असेल तर जायचं नाही’ हे आयतं शिकवून जातो. सू लागली का, असं दर तासाला विचारा. लाजरी मुलं स्वतःहून सांगत नाहीत, खेळात रमलेली विसरतात.

खरचटलं तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि पट्टी लावा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही नको. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायला लावू नका, रक्त घशात जातं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरा. घड्याळ लावून दहा, कारण दोन मिनिटांनी ‘थांबलं का’ बघितलं की पुन्हा सुरू होतं. दुसऱ्याच्या मुलाला तोंडाने घ्यायचं कुठलंही औषध आपण द्यायचं नाही, साधी पॅरासिटामॉलसुद्धा. ते लीडर आणि घरचे ठरवतील.

उन्हाने मूल मलूल झालं, डोकं दुखतंय म्हणालं, तर सावलीत आडवं करा, बूट-मोजे काढा, घोटघोट पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजे मीठ टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. मूल बोलण्यात अडखळू लागलं, गोंधळलं, तर पाण्याचे प्रयोग थांबवून 108 ला फोन.

बोरिवलीत थंडीच्या दिवसांत वाळलेल्या वेलींवर तपकिरी मखमलीसारख्या शेंगा लोंबतात. दिसायला इतक्या गोड की प्रत्येक मुलाला हात लावावासा वाटतो. ती खाजकुइली. अंगाला लागली तर चोळू नका आणि खाजवू देऊ नका, कुसं आणखी रुततात. चिकटपट्टी चिकटवायची आणि ओढून काढायची, पुन्हा नवी पट्टी, पुन्हा ओढायची. मग पाण्याने धुवायचं. म्हणून ती चिकटपट्टी. एका बाबांनी आपल्या मुलाच्या मानेवर रुमालाने चोळलं होतं. परतीच्या वाटेवर दोघंही खाजवत होते.

साप दिसला तर मागे सरा, फोटो नको. चावलाच तर जखम चिरणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही करायचं नाही. मुलाला चालवू नका, तो भाग हलू देऊ नका, आणि सर्पदंशाची लस असलेल्या मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात लगेच न्या. उद्यानात बिबटे आहेत हे मुलांना माहीत असतंच, शाळेच्या बसमध्ये तोच विषय असतो. घाबरवू नका. घोळक्याने राहायचं, वाकून एकट्याने झुडपाआड बसायचं नाही, उजेड असेपर्यंत परतायचं, एवढं पुरे.

नववं, आणि हेच खरं अवघड : आपलं पोर

पहिल्या शिबिरात ताईंनी मला लेकीच्या नाही, दुसऱ्या षटकावर नेमलं. मला ते लागलं. मी सुट्टी घालवून तिच्यासाठीच आलोय ना? जेवणाच्या वेळी सहा परक्या पोरांचे डबे उघडून देत होतो आणि डोळा लेकीकडे. ती एकटीच बसलीय, पुरी अर्धी ठेवलीय. राहवलं नाही. तिच्याजवळ गेलो, पुरीचा घास केला आणि तिच्या तोंडापुढे धरला. तिच्या षटकातल्या पाचही मुली थांबल्या. लेक हळू आवाजात म्हणाली, ‘बाबा, तू तिकडे जा ना.’

पुढचा तासभर मी रुसलो होतो, हे कबूल करतो. पण मग लक्षात आलं की माझ्या षटकातला एक मुलगा सकाळपासून माझ्याजवळच रेंगाळत होता. त्याचे आईबाबा आले नव्हते. त्याच्या बुटाची नाडी मी दोनदा बांधून दिली होती, माझ्या मुलीची एकदाही नाही. आणि पलीकडे कुणाची तरी आई माझ्या मुलीच्या षटकात बसून तिच्याशी भेळेत लिंबू किती पिळायचं यावर वाद घालत होती. माझ्याशी ती असा वाद घालत नाही, नुसती ‘हो बाबा’ म्हणते.

तेव्हापासून माझा नियम असा. शिबिरात आपल्या मुलाला बाकीच्या मुलांइतकंच. त्याने हाक मारली तर जायचं, न मारता जायचं नाही. त्याचं कौतुक इतरांपुढे करायचं नाही, त्याला इतरांपुढे रागावायचंही नाही. नायक निवडताना, बक्षीस देताना तिथून चक्क लांब जायचं. मूल रडून ‘घरी जायचंय’ म्हणालं तर आपलं असो वा दुसऱ्याचं, लगेच फोन लावून आईचा आवाज ऐकवू नका, रडू दुप्पट होतं. काम द्या. ‘हे दोर मोजून देतोस का?’ दोर मोजता मोजता निम्मी मुलं विसरतात. उरलेल्यांसाठी ताई आहेत.

आणि फोटो. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी विचारा. शिबिर चालू असताना तर टाकूच नका. घरी बसलेली आई फोटो मोठा करून बघते आणि विचारते, ‘माझ्या मुलाची टोपी कुठाय?’ मग तुमची दुपार टोपी शोधण्यात जाते.

बाकीच्या पालकांसोबत झाडाखाली बसून शाळेच्या फीबद्दल बोलत बसण्याचा मोह होतो. तो मलाही झाला. चहाच्या वेळेपुरतं ठीक आहे. पण चार मोठी माणसं एका जागी बसली की चोवीस मुलांवर शून्य डोळे असतात.

शेवटचं : आवरणं

ध्वज उतरवण्याआधी कचरा. मुलं आपापला वेचतात, मोठे राहिलेला. माकडांनी फाडलेली पाकिटं कुणाचीच नसतात, तीही वेचायची. हरवलेल्या वस्तूंचा ढीग मध्ये ठेवून एकेक उचलून दाखवायची. दर वेळी एक मोजा उरतोच आणि त्यावर कुणीच हक्क सांगत नाही.

मोजणी पुन्हा. मग गाडी. मुलं दरवाजापासून लांब बसवा, निम्मी झोपतात. मुलं तुम्ही नेली असतील तर ज्याच्या त्याच्या घरच्या माणसाच्या हातात देईपर्यंत काम संपलेलं नसतं. ‘मी समोरच राहतो, जाऊ का?’ याला उत्तर ‘नाही’ असंच.

घरी गेल्यावर लेकीला ‘काय शिकलीस?’ विचारू नका. ‘कुणाचा डबा भारी होता?’ विचारा, मग सगळा दिवस आपोआप बाहेर पडतो. स्कार्फ वेगळा भिजवा, रंग जातो. गाठींचे दोर तुमच्याकडे राहिले असतील तर ते रात्रीच पिशवीत गुंडाळून ठेवू नका. सुती दोर ओला राहिला की कुबट वास येतो. गॅलरीत पसरून वाळवा, गाठी सोडवा आणि सोमवारी शाळेत परत द्या. आमच्याकडे त्यातली एक गाठ सुटलीच नाही. ती लेकीने घातलेली होती आणि ती उजव्यावर उजवी नव्हती.